रकान्यातली पणजी

सरकारदरबारी माझा जन्म 1 जूनचा. राहूच्या शाळेत माझ्याबरोबर बसणाऱ्या निम्म्याअधिक पोरापोरींचाही 1 जूनचाच. आईला विचारलं तर ती म्हणायची, "गुऱ्हाळं पेटली होती, काकवीचा वास सुटला होता, तेव्हा झालीस." म्हणजे थंडीचे दिवस. पण जूनमध्ये शाळा भरताना मूल वयात बसलं पाहिजे, एवढंच गुरुजींना बघायचं होतं. त्यांनी जनरल रजिस्टरात तारीख घातली आणि ती मला जन्माची चिकटली. दहावीच्या सर्टिफिकेटला, रेशनकार्डाला, आधारला.

गुरुजींवर माझा राग नाही. रजिस्टर शाळेच्या सोयीसाठी होतं, माझ्या पत्रिकेसाठी नव्हतं. पुढं जी जी जुनी वही हाताखाली आली, तिच्याबद्दल माझ्या मनात पहिला प्रश्न हाच यायचा, की ही कुणी आणि कशापायी लिहिली असेल?

वडील गेले, वारसनोंदीचा फेरफार झाला. आई, भाऊ आणि आम्ही बहिणी, सगळ्यांची नावं सातबाऱ्याला लागली. पुढं आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. जबरदस्ती कुणी केली नाही. माहेर तुटू नये, हे आमच्याकडं कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. नंतरच्या उताऱ्यावर आमच्या नावांना कंस पडले होते. सातबाऱ्यावरचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. म्हणजे होती, पण आता नाही. जमिनीच्या कागदाला जमीन कुणाची एवढंच हवं असतं.

आमच्या मुलखाचं कागदाशी नातं तसं जुनं आणि कडू. हा सगळा पूर्वीचा भीमथडी तालुका. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरलं. लोकांना मुख्यतः हवी होती ती कर्जाची खतं आणि रोखे. मिळतील ते त्यांनी जाळून टाकले. वाचता न येणाऱ्याचा अंगठा ज्या कागदावर, तो कागद त्याचा वैरीच. मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. निरक्षर शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर, त्याला वाचून-समजावून लिहायचा, असं ठरलं. थोडक्यात, कागद जाळल्यावर इलाज निघाला तो आणखी कागदाचाच. त्याच भीमथडीत आता पणतवंडं जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा कागद शोधत तहसील कचेरीत रांगा लावतात.

वडिलांच्या क्रियेसाठी आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लांबट वही काढून आमच्या घराण्याचं पान उघडलं. आजोबांची वेडीवाकडी सही, त्याच्या वर पणजोबांचं नाव, आणि शेजारी पणजीचं! घरात तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं; आम्ही तिला नुसती 'थोरल्या आबांची आई' म्हणत आलो. वहीत ती सापडली, कारण श्राद्धाचा संकल्प तिच्यावाचून पुरा होत नाही. बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजीही म्हणाव्या लागतात, शिवाय आईच्या माहेरच्या पिढ्या. विधीला नाव लागतं, म्हणून ते लिहिलं जातं.

गोव्यात, वसईत ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले त्यांची वंशावळ चर्चच्या पुस्तकांत मिळते. इंग्लंडात थॉमस क्रॉमवेलनं 1538 मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायला लावलं; कॅथलिकांत ट्रेंटच्या धर्मसभेनं 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि लग्न यांसाठी तसाच नियम केला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपिताही येतात, कारण त्यांच्याशी जडलेलं नातं लग्नाला आड यायचं. तिथंही आधी गरज, मग रकाना.

मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुतण्या मोडी वाचणाऱ्याला गाठून दौंडच्या कचेरीत कोतवाल बुकाच्या मागं लागला. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची वही. पुतण्याचं लक्ष जातीच्या रकान्यावर, कुठं 'कुणबी', कुठं नुसता 'कु'. माझी नजर मात्र 1918 च्या पानांवर थबकली. त्या साली मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझानं लाखो माणसं नेली. मरणाच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचा हात पुढं पुढं घाईला आलेला, अक्षर आडवं पडलेलं. त्यातच एका ओळीत पणजोबांचं नाव आणि पुढं 'याची बायको'. वय होतं, तारीख होती, नाव नव्हतं. साथ मोजायला आकडा पुरतो.

तारीख दौंडला मिळाली, नाव त्र्यंबकला. दोन वह्या, दोन्ही आपापल्या कामासाठी लिहिलेल्या. एकीनं दुसरीची उणीव भरून काढावी असा कुणाचाच हेतू नव्हता. घराण्याचा इतिहास असाच दुसऱ्यांच्या कामातून गोळा करावा लागतो. बाई शोधायची तर आधी हे बघावं, की तिच्या नावावाचून कुणाचं अडत होतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा नियम महाराष्ट्रानं केला आहे. चांगलं झालं. पुढच्या पणत्यांची निम्मी वणवण वाचेल.

मधल्या पिढीची सोय आपणच करायची. परवा भाऊ त्र्यंबकला निघाला, तेव्हा वहीत काय काय लिहायचं ते मी त्याला कागदावर उतरवून दिलं. सगळ्या बहिणींची नावं, सासरच्या आडनावांसकट आणि गावांसकट. "कंस नको घालू म्हणावं," असं वर बजावलंही. तो हसला, पण कागद नीट घडी करून खिशात ठेवला.