ईयोबाचा चौदावा अध्याय

धाकटा भाऊ गेला, तेव्हा कबरेपाशी ईयोबाच्या चौदाव्या अध्यायातली पहिली दोन वचनं वाचली गेली. माणसाचं आयुष्य थोडं आणि कष्टाचं, एवढं सांगून वाचन थांबलं. हा प्रघात जुना आहे. अँग्लिकन चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही दफनाला हीच दोन वचनं आहेत. पुढचं मी घरी वाचलं आणि तिथेच अडले.

पुढे ईयोब म्हणतो, तोडलेल्या झाडालाही आशा असते. पाण्याचा नुसता वास लागला तरी वाळलेलं खोड पुन्हा फुटतं. माणूस मात्र एकदा आडवा झाला की उठत नाही. आमच्या कबरस्तानाच्या कुंपणालगत तोडलेल्या कडुनिंबाला पावसाळ्यात धुमारे आले होते. भावाच्या कबरेवरची माती अजून बसलीही नव्हती. मग दर रविवारी आम्ही देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याची कबुली देतो, ती कशाच्या बळावर?

घरातले वडीलधारे म्हणाले, एकोणिसावा अध्याय वाच, तिथे ईयोब आपला उद्धारक जिवंत असल्याचं सांगतो. वाचला. धीर आला, पण चौदावा होता तिथेच राहिला. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, पुढे पळू नका. तेरा ते पंधरा ही वचनं सावकाश वाचा."

तिथे ईयोब देवाला विनवतो : तुझा राग शमेपर्यंत मला अधोलोकात लपवून ठेव, मुदत ठरव आणि मग माझी आठवण कर. तू हाक मारशील, मी ओ देईन. आपल्या हातांनी घडवलेल्याची तुलाच ओढ लागेल. पुनरुत्थानाची शिकवण या माणसाला कुणी दिलेली नव्हती. दहा लेकरं एका दिवसात गमावलेला बाप केवळ देवाच्या आठवणीवर भिस्त ठेवून हे मागतो. आणि लगेच ती आशाही मावळते. पाणी दगड झिजवतं, तसा तू माणसाचा भरवसा झिजवतोस, असं म्हणत तो पुन्हा दुःखात बुडतो. अध्याय तिथेच संपतो.

हे बोलणं देवानं ऐकून घेतलं. शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर, अलीफज आणि त्याच्या दोन सोबत्यांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, असा निवाडा देव देतो. त्याला गुरंढोरं दुप्पट मिळतात, मुलं मात्र पुन्हा दहाच. आधीची दहा देवाजवळ जिवंत आहेत म्हणून संख्या दुप्पट झाली नाही, असं काही भाष्यकार सांगतात. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. गेलेली मुलं परत आली, असं पुस्तक कुठेही म्हणत नाही.

ख्रिस्त उठला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण लाजराला उठवायला आलेला येशूही आधी रडला. म्हणून दुःखाच्या घरी हा अध्याय वाचणार असाल, तर दोन वचनांवर थांबू नका, बाविसाव्यापर्यंत वाचा.