मूळचे कुठले?

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असे कोणीतरी विचारतेच. अशा मुलांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय दाखवावे, असे आम्हा शिक्षकांना वाटते. या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या इनामगावात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून प्रयोगशाळेत त्यांचे पीक ओळखले गेले: जव. लहान मूल दगावले, तर दोन मडक्यांची तोंडे जुळवून ते त्याला घरातच पुरत. त्यातून आईबापांचे दुःख कळते. जातजमात कळत नाही. उत्खननाच्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया यांच्या जोडीने झेड. डी. अन्सारी हे नाव आहे. ही माती वाचणाऱ्यांत आपलाही माणूस होता, हे मुलांना सांगायलाच हवे.