घासायचे कुठे आणि थांबायचे कुठे?

काशीयात्रेला गेलेला मराठी माणूस भोसले घाटावर हमखास रेंगाळतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा घाट त्याला आपल्याच माणसाचा वाटतो. काशीतल्या जुन्या दगडी भिंतींवर रंगाचे थर आणि काजळी पाहिली की त्याच्या मनात सहज येते, सँडिंग मशीन फिरवले तर दगड नव्यासारखा होईल!

नेमके हेच करू नये. काशीचे घाट बहुतांशी चुनारच्या वालुकाश्माचे, म्हणजे वाळूच्या कणांपासून बनलेल्या दगडाचे. मशीन फिरले की रंगाबरोबर दगडाचा वरचा थर आणि कारागिराच्या छिन्नीच्या खुणाही जातात. नक्षी एकदा बोथट झाली की पुन्हा उमटत नाही. जुना दगड मऊ ब्रश, पाणी आणि लेप लावून, जाणकाराच्या देखरेखीखालीच स्वच्छ करावा. जवळच सारनाथच्या संग्रहालयात अशोकाचे सिंहशीर्ष आहे. तेही याच जातीच्या दगडाचे. हाताने केलेली त्याची झिलई बावीसशे वर्षांनंतरही चमकते.

मग मशीन वाईट का? मुळीच नाही. सागवानी दार, जुना झोपाळा, जेवणाचे टेबल यांसाठी ते वरदानच आहे. काचकागदाने दिवसभर घासायचे काम तासाभरात होते. मोठ्या सपाट फळीला पट्ट्याचे मशीन, तर घरगुती कामाला गोल फिरणारे छोटे मशीन बरे. कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. आधी ८०, मग १२०, शेवटी २२० असा क्रम ठेवावा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, जोर न देता फिरवावे. प्लायवूडवरचा विनिअर मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तिथे क्षणभर जास्त रेंगाळलात तर आतला प्लाय डोकावतो.

खरा धोका धुळीचा. वालुकाश्माच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर कायमचा इलाज नाही. तोंडाला गमछा किंवा ओढणी बांधून ही धूळ अडत नाही, चांगला मास्कच हवा. घरातल्या जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; दार त्याआधी रंगवलेले असेल तर कोरडे घासू नका. मशीन बाजूला ठेवून पाण्यातला कागद हाताने वापरा, मुलांना आणि गर्भवतीला दूर ठेवा, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा. कामाला कारागीर बोलावला असेल तर त्याच्या तोंडावर मास्क आहे की नाही, हेही पाहा. दार आपले चमकते, पण धूळ त्याच्या छातीत जाते.

मशीनचे बटण दाबण्यापूर्वी एकच विचार करावा: घासून जे जाईल, ते परत आणता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ब्रश आणि धीर पुरेसा आहे.