मस्टरवरचं नाव

तो जाऊन अठरा दिवस झाले होते, आणि त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर आमच्या कॉलेजचा मेसेज गेला. आपल्या पाल्याची उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली आहे, सुधारणा न झाल्यास परीक्षेला बसता येणार नाही, अशी त्यात समज होती. चष्मा घरी राहिलेला, म्हणून वडिलांनी तो गावातल्या कृषी केंद्रावरच्या पोराकडून वाचून घेतला. त्या पोराने तो मोठ्याने वाचला आणि अर्ध्यात थांबला. हे पुढे मला वडिलांनीच सांगितलं. तक्रार म्हणून नाही. असं असं झालं, एवढंच.

मेसेज तसा कोणी पाठवला नव्हता. हजेरीच्या नोंदी संगणकात जायच्या, टक्केवारी घसरली की तो आपोआप सुटायचा. पण मस्टर माझं होतं. त्या वर्गाला मी संख्याशास्त्र शिकवायचे, वर्गाची जबाबदारीही माझ्याकडे होती, आणि सदतीस नंबरच्या ओळीत रोज तांबड्या शाईने गैरहजेरी मांडणारा हात माझाच होता. नाव कमी करायला कार्यालयाचं पत्र लागायचं. त्या पत्राच्या छापील नमुन्यात कारणं तीनच होती: प्रवेश रद्द, कॉलेज बदल, फी थकबाकी. चौथं कारण छापायचं कोणाला सुचलं नव्हतं.

रविवारी रात्री दोघं मित्र मोटारसायकलवरून वसतिगृहाकडे परतत होते. बाह्यवळणावर रस्त्याचं काम चालू होतं, खडीचा ढीग होता, दिवा नव्हता. मागे बसलेला जागीच गेला. चालवणारा वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोघं माझ्या वर्गातले, एकाच खोलीत राहणारे.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. तिथे उभी असतानाच वरिष्ठांचा फोन आला. पहिला प्रश्न होता, ‘‘घटना गेटच्या आत घडलीय की बाहेर?’’ मी म्हटलं, बाहेर. आणि ते म्हणताना मलाही क्षणभर हायसं वाटलं. त्याची लाज आठ वर्षांत कमी झालेली नाही. आपली चूक आहे का, हे विचारण्याआधी आपली हद्द आहे का, हे विचारलं जातं. आणि विचारणारा माणूस दुष्ट नसतो. तो संस्थेचा माणूस असतो, आणि त्या रात्री मीही तशीच संस्थेची बाई होते.

वडिलांना फोन गेला तो सकाळी, कार्यालयातून. ‘‘मुलाला लागलंय, लगेच या,’’ एवढंच सांगण्यात आलं. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावापासून पुण्यापर्यंत एसटीने सात तास. दरम्यान वर्गातल्या मुलांनी त्याचा फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आपापल्या स्टेटसला ठेवलं होतं. ते कोणा नातलगाने पाहिलं, आणि नगरच्या अलीकडे कुठेतरी वडिलांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची बहीण नुसती रडत होती. पुढचा रस्ता त्यांनी खिडकीची दांडी धरून काढला. शेजारच्या अनोळखी बाईंनी पाणी दिलं, असं ते म्हणाले. त्या बाईंनी केलं तेवढंही आम्ही केलं नव्हतं.

फोन रात्रीच जायला हवा होता. करणारा त्या मुलाला ओळखणारा हवा होता, म्हणजे मीच. आधी गावातल्या एखाद्या जवळच्या माणसाला त्यांच्या घरी पाठवायचं, तो पोहोचला की बोलायचं, आणि बोलायचं ते खरं बोलायचं. मग गाडीची सोय करायची. याला ना खर्च लागतो ना ठराव. पण रात्री बारा वाजता हे कोणी करायचं, हे कुठे ठरलेलंच नव्हतं. आग लागली तर काय करायचं याचा तक्ता मात्र आमच्या जिन्यात टांगलेला होता.

मंगळवारी शोकसभा झाली. हार घातलेला प्रवेश अर्जावरचा फोटो, ‘एक होतकरू विद्यार्थी आपण गमावला’, दोन मिनिटं स्तब्धता आणि उरलेल्या दिवसाची सुट्टी. ही सुट्टी मला आजही खटकते. घर जवळ असलेली मुलं घरी गेली. वसतिगृहातली मुलं त्या मजल्यावरच राहिली, रिकाम्या खोलीच्या समोर. त्यांच्याशी बोलायला त्या दिवशी कोणी नव्हतं, कारण सुट्टी होती. मला वाटतं वर्ग भरवायला हवा होता. शिकवायचं काही नाही, नुसतं एकत्र बसायचं, आणि ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं.

मग कागद सुरू झाले. ग्रंथालयाची दोन पुस्तकं त्याच्या नावावर होती. ती जमा झाल्याशिवाय ‘नो ड्यूज’ मिळेना, आणि ‘नो ड्यूज’शिवाय अनामत रक्कम सुटेना. शेवटी चेक निघाला तो त्याच्याच नावाने. वडील तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून परत घेऊन आले. ‘‘बाई, ह्याचं काय करावं?’’ त्यांनी विचारलं. मी तो घेऊन दोन टेबलं फिरले. दोन्हीकडे मला नियम सांगण्यात आला, आणि नियम बरोबर होता.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांनी मला विचारलं, ‘‘तो जेवायचा का हो नीट?’’

मला उत्तर येत नव्हतं. पण त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात इतके दिवस अडकलेलं काहीतरी सुटलं. मूल अठराव्या वर्षी शिकायला बाहेर पडतं. दिवाळीला येतं, उन्हाळ्यात येतं, चार दिवस झोपतं आणि परत जातं. ते गेलं, तर त्याची शेवटची दोन-तीन वर्षं आईबापांनी पाहिलेलीच नसतात. ती संस्थेकडे असतात. कोणत्या बाकावर बसायचा, मेसमध्ये काय टाकायचा, कोणाशी भांडला होता, शेवटच्या संध्याकाळी कुठे आणि कशाला गेला होता, हे सगळं आमच्याकडे विखरून पडलेलं असतं: रेक्टरकडे, वॉचमनकडे, मित्रांच्या फोनमध्ये, माझ्या मस्टरमध्ये. आईबाप दाराशी येतात ते ही वर्षं मागायला. आम्ही त्यांना पेटी, वळकटी आणि चेक देतो.

मूल अपघातात जातं तेव्हा निदान रस्त्यावर बोट ठेवता येतं. आत्महत्या असते तेव्हा संस्थेचं तोंड पुरतं मिटतं, आणि नेमकं तेव्हाच आईबापांना सगळ्यांत जास्त विचारायचं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२३च्या अहवालात देशातल्या विद्यार्थी आत्महत्यांचा आकडा १३,८९२ आहे, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. मी आयुष्यभर आकडेच शिकवले, तरी या आकड्यापाशी माझं गणित थांबतं. ‘अभ्यासाचा ताण’, ‘वैयक्तिक कारण’ हे शब्द पंचनाम्याच्या आधी प्रसिद्धिपत्रकात येतात. ते खरे असतीलही. पण चौकशी व्हायच्या आत ते कसे कळले? हैदराबाद विद्यापीठात जानेवारी २०१६मध्ये रोहित वेमुला गेला, मुंबईत मे २०१९मध्ये डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या आपल्या मुलांपुरतं मागत नव्हत्या. उच्च शिक्षण संस्थांमधल्या जातिभेदाला आळा घालणारी यंत्रणा खरोखर चालावी, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२३मध्ये दिल्लीच्या आयआयटीतले दोन विद्यार्थी दोन महिन्यांच्या अंतराने गेले. त्यांच्या आईबापांना नुसता एफआयआर नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २४ मार्च २०२५ला न्यायालयाने तो नोंदवायचा आदेश दिला, आणि निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. आमचं मूल कसं गेलं, हे विचारायला इतकं लांब चालावं लागतं. न्यायालयात पोहोचलेला प्रत्येक पालक आधी कुठल्यातरी कॉलेजच्या बाकड्यावर बसून परत गेलेला असणार, असं मला वाटतं. तिथेच कोणी दार लावून घेऊन तासभर खरं बोललं असतं तर?

निवृत्त झाल्यावर मी भाच्याकडे टेक्सासला गेले होते. तो कॉलेज स्टेशन शहरातल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत होता. एका मंगळवारी तो रात्री उशिरा म्हणाला, ‘‘मावशी, चल, पण तिथे बोलायचं नाही.’’ त्या विद्यापीठात एखादा विद्यार्थी गेला, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रात्री साडेदहाला मुख्य चौकातले दिवे मालवतात. ‘सिल्व्हर टॅप्स’ म्हणतात त्याला; प्रथा १८९८पासूनची. बंदुकांच्या तीन फैरी झडतात, मग अंधारात बिगुल वाजतो: एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेकडे वाजवत नाहीत, त्याच्यासाठी आता सूर्य उगवणार नाही म्हणून. शेकडो मुलं उभी होती आणि कोणाचा फोनसुद्धा उजळला नाही. माझ्या शेजारच्या मुलीला मी खुणेने विचारलं, तू ओळखायचीस का त्याला? तिने मान हलवली. नाही.

आणि दर वर्षी २१ एप्रिलला तिथे मस्टर असतं. शब्द हाच, मस्टर. वर्षभरात गेलेल्यांची नावं हजेरीसारखी पुकारतात, आणि प्रत्येक नावाला घरचं किंवा मित्रांपैकी कोणीतरी ‘हिअर’ म्हणतं, मेणबत्ती लावतं. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला माझी तांबडी शाई आठवली.

त्या विद्यापीठाचं सगळंच गोड नाही, हेही तिथेच पाहिलं. १८ नोव्हेंबर १९९९च्या पहाटे तिथे विद्यार्थ्यांनी शेकोटीसाठी रचलेला लाकडांचा प्रचंड मनोरा कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. मुलांची परंपरा म्हणून विद्यापीठाने वर्षानुवर्षं तिकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिलंच नव्हतं. चौकशी आयोगाने २०००च्या मे महिन्यात मनोऱ्याच्या रचनेबरोबर विद्यापीठाच्या ढिलाईवरही बोट ठेवलं. कोर्टकचेऱ्या पुढे कित्येक वर्षं चालल्या. बिगूल कितीही सुरेल वाजला तरी तो अहवालाची जागा घेत नाही. पण आता त्या मैदानात स्मारक आहे. दगडी वर्तुळात १२ दारं, आणि प्रत्येक दाराचं तोंड त्या त्या मुलाच्या गावाकडे. दारांच्या मधले २७ दगड जखमींचे. मी त्या २७ दगडांपाशी जास्त वेळ थांबले. गेलेल्यांचं स्मारक सगळेच करतात. जे वाचले त्यांना वर्तुळात घ्यायचं कोणाला तरी सुचलं होतं.

कारण आमचा दुसरा मुलगा वर्तुळाबाहेर राहिला होता.

सात महिन्यांनी तो जयपूर फूट घालून परत आला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त कार्यालयाच्या इमारतीत. मी प्राचार्यांना भेटून वर्ग तळमजल्यावर मागितला. वेळापत्रक लागलेलं आहे, पुढच्या सत्रात पाहू, असं उत्तर आलं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६मध्येच झाला होता, पण तो मला तेव्हा नीट माहीत नव्हता, आणि माहीत असता तर मी जोर लावला असता का, हेही आज खात्रीने सांगता येत नाही. तो कठडा धरून एक एक पायरी चढायचा आणि तास सुरू झाल्यावर पोहोचायचा. मुलं गप्प व्हायची. कारण गाडी तो चालवत होता. तोंडावर कोणी बोललं नाही, पण खोलीत त्याच्याबरोबर राहायला कोणी तयार नव्हतं, हे मला रेक्टरांकडून कळलं.

त्यात त्याची हजेरी भरेना. दवाखान्याची कागदपत्रं जोडून आम्ही अर्ज केला, तो ‘उपस्थिती शिथिल करता येत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला, आणि त्याचं वर्ष गेलं. पुढे दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याविषयी वाचलं. २०१६च्या ऑगस्टमध्ये, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिल्यानंतर त्याने आत्महत्या केली होती. त्याच्या मित्राने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेलं, आणि ३ नोव्हेंबर २०२५ला निकाल आला: कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला केवळ हजेरीपायी परीक्षेपासून रोखता येणार नाही. नऊ वर्षं लागली. तो निकाल वाचताना मला आमचा जिना दिसत होता.

एकदा तास संपल्यावर तो बाकावरच बसून राहिला. मी जवळ गेले. म्हणाला, ‘‘मॅडम, मी त्याच्या घरी जाऊ का?’’ मी म्हटलं, आपण जाऊ. अपघाताला तेव्हा आठ महिने झाले होते, आणि तोवर मीही त्या घरी गेले नव्हते.

आई ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्याने खाली वाकून पाया पडायचा प्रयत्न केला, पण कृत्रिम पायाने त्याला नीट वाकता येईना. त्यांनी त्याचे दंड धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग आत जाऊन भाकरी टाकल्या. जेवताना त्या त्यालाच विचारत राहिल्या: त्या दिवशी काय खाल्लं होतं, कुठे गेला होतात, काही बोलला का. तो सगळं सांगत होता, खडीच्या ढिगापर्यंत. थांबायला लागला की त्या म्हणायच्या, ‘‘सांग बाबा, सांग.’’ कॉलेजने जे द्यायचं होतं, ते एका पायाचा एकवीस वर्षांचा मुलगा एकटा देत होता.

उन्हाळ्यात आई मार्कशीट न्यायला पुण्यात आल्या. आधीच्या दोन सत्रांत तो चांगला पास झाला होता. कागद पिशवीत ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘बाई, त्याचा वर्ग दाखवता का?’’ तास चालू होता. आम्ही व्हरांड्यात घंटेची वाट पाहिली. मुलं बाहेर पडल्यावर मी त्यांना खिडकीकडचा तिसरा बाक दाखवला. दरम्यान बाक बदलले होते, हे मी बोलले नाही. त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि फळ्याकडे पाहिलं. आधीच्या तासाचं माझं समीकरण अजून पुसलेलं नव्हतं.

‘‘हितनं दिसायचं का त्याला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘दिवाळीला म्हणत होता, चष्म्याचा नंबर वाढलाय.’’