उरल्यातली फायनल

मार्च २०२२. होळी होऊन दोन दिवस झाले होते. कॅम्पच्या शेडसाठी लोखंडी अँगल न्यायला मी एका ड्रायव्हरसोबत रायपूरजवळच्या उरल्याला आलो होतो. ज्यांनी उरला पाहिलंय त्यांना सांगायला नको: रोलिंग मिल, चिमण्या, ट्रकच्या रांगा, आणि सकाळी धुतलेला शर्ट संध्याकाळी काळा. लोडिंगचा नंबर काही लागेना. रात्री ट्रकच्या केबिनमध्ये मोबाईल लावला. फातोर्ड्याला आयएसएलची फायनल होती, हैदराबाद विरुद्ध केरळ. हैदराबादच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव.

मॅच सुरू व्हायच्या आधीच भावाचा फोन आला. पोराची क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीत निवड झालीय. "दादा, पाठवू का? तेरा वर्षांचंय. शाळा सुटली आणि फुटबॉलही गेला तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भाऊ विसरला असेल, पण मी विसरलेलो नाही. मीसुद्धा आमच्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर हाफ खेळायचो. एकोणिसाव्या वर्षी भरतीची रॅली आणि पुण्याची एक ट्रायल एकाच आठवड्यात आली. घरात बैल नाहीत, शेत नाही, वडील आजारी. मी रॅलीला गेलो. पश्चात्ताप नाही. पण त्या ट्रायलचं काय झालं असतं, हा प्रश्न अजून अधूनमधून ड्यूटीवर येतो.

म्हणून भावाला अनिकेतचंच सांगत बसलो. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. पोरगं लहानपणीच घर सोडून पुण्याला प्रबोधिनीत गेलं. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीत भारताकडून खेळलं. तिन्ही मॅच आपण हरलो, अमेरिकेशी ३-०, कोलंबियाशी २-१, घानाशी ४-०. लोकांना वाटलं, संपलं. पण त्याच नोव्हेंबरात इंडियन अ‍ॅरोजच्या आयलीगमधल्या पहिल्या मॅचला चेन्नई सिटीवर ३-० विजय, त्यात त्याचे दोन गोल. पुढे ब्लॅकबर्नच्या अकादमीत सराव, मग जमशेदपूर, मग हैदराबाद.

"म्हणजे पाच वर्षं झाली," भाऊ म्हणाला. "आणि त्याच्या बरोबरची बाकीची पोरं?"

बरोबर बोलला. तो प्रश्न विचारणारा बाप मला जास्त पटतो. टीव्हीवर एक दिसतो, चाचणीला शंभर येतात.

केरळनं ६८ व्या मिनिटाला गोल केला. स्टेडियम पिवळं होऊन उसळलं. मी फोन ठेवला. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होरानं लांबून असा फटका मारला की शेजारच्या ट्रकमधला बिहारी क्लीनरही उठून बसला. पेनल्टीत कट्टीमनीनं तीन अडवल्या आणि कप हैदराबादला.

परत फोन लावला. या वेळी पुतण्याच बोलला.

"काका, पप्पा काहीच सांगंनात."

"मीच सांगतो. दहावी होईपर्यंत पुस्तक सोडायचं नाही. तुझी फी आणि बूट माझ्याकडे. जाणार?"

"जाणार."

पहाटे आमचा नंबर लागला. वजनकाट्यावर ट्रक चढला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज आला: बुटाचा नंबर पाच. बिल्टीच्या मागं लिहून ठेवला, आणि मग आठवलं, या वयात पाय वाढतात, म्हणून खाली सहा पण लिहिला.