१.६ मायक्रोमीटरची वाट

सीडीचे छिद्र काटेकोरपणे मध्यावर कधीच नसते. म्हणून फिरताना तिच्यावरील माहितीची वाट कित्येक वेढ्यांइतकी डुलत राहते. आणि वेढे केवढे? दोहोंतील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर. आतून बाहेर उलगडणाऱ्या या एकाच सर्पिलाची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक!

फिलिप्स आणि सोनी यांची ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. डुलणाऱ्या वाटेवर टिकून राहण्यासाठी अनेक ड्राइव्हमध्ये लेसरचे तीन किरण करतात. मधला वाचतो, उरलेले दोन, एक किंचित पुढे आणि एक मागे, वाटेच्या दोन कडांवर पडतात. दोन्हींचा परावर्तित प्रकाश सारखा असेल, तर वाट बरोबर. फरक पडताच भिंगाला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात प्रवाह बदलतो आणि भिंग पुन्हा वाटेवर येते. मला यातली मौज अशी वाटते, की इथली अचूकता घडणीत नाही. ती चूक क्षणोक्षणी मोजण्यात आहे.

जागा शोधणेही अंदाजानेच सुरू होते. भिंग उडी घेते, तिथली मिनिट-सेकंदांची नोंद (सेकंदाचेही ७५ भाग!) वाचते आणि उरलेले अंतर कापते.

आपण लिहितो त्या कोऱ्या सीडीवर तर नागमोडी खोबण आधीच असते. पत्ता त्या नागमोडीत दडलेला. मजकूर मात्र रंगद्रव्याच्या थरात. थर विटला, तर वाट व पत्ता शाबूत राहूनही मजकूर जातो. माझ्या अभ्यासातील काही मोडी कागदांच्या प्रतिमा अशाच एका सीडीवर आहेत. त्यांतल्या दोन अजून उघडलेल्या नाहीत.