मापाचा तंबोरा

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाच्या तोंडीं 'माझ्या मापाचें' हे शब्द सहसा येत नाहींत. आमच्या घरांत थोरल्याचा सदरा मधल्यास आणि मधल्याचा धाकट्यास, हा क्रम सूर्योदयाइतका निश्चित होता. बाही लांब असली तर दुमडावी, आखूड असली तर हात आंत ओढून घ्यावा. सदऱ्याविषयीं तक्रार करूं नये. पाट्या, पुस्तकें, छत्र्या, सारें असेंच हातोहात उतरत आलें. केवळ काटकसर म्हणून हें चाले असें नव्हे. वस्तु घराची असते, माणसाची नसते, हा त्यामागचा विचार होता आणि त्या विचारानें पुष्कळ घरें तगलीं आहेत. म्हणूनच साठी उलटलेल्या गृहस्थानें केवळ हौसेखातर एखादी वस्तु आपल्याच मापानें घडवून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

आमच्या घरांत हा प्रश्न प्रथम निघाला तो माझ्या पुतण्यामुळें. तो पुण्यास नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशीं गोल्फ खेळतो. हा खेळ आपल्या देशांत नवा नव्हे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. पण मध्यमवर्गीय नोकरदार त्यांत शिरला तो अलीकडे. खेळाच्या नियमांप्रमाणें प्रत्येकास एका फेरींत चौदापर्यंत काठ्या जवळ ठेवतां येतात. पुतण्यानें आपल्या काठ्या मापून घेतल्या आणि सातारला आला तेव्हां त्याची सविस्तर हकीकत सांगितली. आधीं त्याच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजलें, मुठीचा आकार पाहिला. मग रडारसारख्या एका यंत्रासमोर त्याला चेंडू मारावयास लावले. चेंडू किती वेगानें सुटला, किती उंच चढला, हवेंत किती गिरक्या घेतल्या, हें सारें त्या यंत्रानें टिपलें. ज्याचा हात सावकाश फिरतो त्यास लवचिक दांड्याची काठी देतात, जोरकस हाताच्यास ताठ दांड्याची. चेंडूवर आदळतांना काठीच्या डोक्याचें पुढचें टोक जमिनीवरून उचललेलें राहिलें, तर उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. म्हणून तो कोनही माणसाच्या उभें राहण्याप्रमाणें वांकवून नीट करतात.

हें ऐकून आमचे थोरले बंधु हंसून म्हणाले, "अरे, तूं काय टायगर वुड्स लागून गेलास?" त्यावर पुतण्या शांतपणें म्हणाला, "बाबा, तो कोणाचीही काठी उचलील आणि चेंडू मारील. मापाची काठी माझ्यासारख्यालाच हवी."

हें उत्तर मला फार आवडलें. शाळेंतला माझा अनुभवही तोच आहे. हुशार विद्यार्थी फाटक्या पुस्तकांतूनहि शिकतो. साधन नीट हवें असतें तें बेताच्या बुद्धीच्या मुलाला. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताच्या बांकावर बसविलें म्हणजे त्याचें अक्षर बिघडतें, आणि तो तें आपलेंच अक्षर समजून जन्मभर लाजत राहतो. साधनाचा दोष कोणता आणि आपला कोणता, हें निपुण माणसाला ओळखतां येतें. हौशी माणसाला तें ओळखतां येत नाहीं. तो दोन्ही दोष आपल्याच खातीं मांडतो आणि एके दिवशीं हौसच सोडून देतो.

माझी हौस गाण्याची. तरुणपणीं साताऱ्यांतच एका बुवांपाशीं मी चार वर्षें शिकलों. मैफलीचा गवई होण्याचें स्वप्न कधीं पडलें नाहीं. पहाटे तासभर स्वर लावावा, गणेशोत्सवांत एखादें पद म्हणावें, एवढीच मजल. साथीला घरांतला तंबोरा होता, पण तो आमच्या आत्याबाईंचा. त्यांची पट्टी काळी चार, म्हणून तंबोरा जनानी मापाचा, लहान भोपळ्याचा आणि आखूड दांडीचा. माझ्या पट्टीस उतरविला कीं तारा सैल पडत, जोड खडखडे आणि खर्ज तर बोलतच नसे. घरांत एक तंबोरा असतांना दुसरा आणणें म्हणजे धडका सदरा असतांना नवा शिवण्यासारखें. म्हणून तीस वर्षें तसेंच चाललें.

नात म्हणाली, "आजोबा, फोनमध्यें तंबोरा आहे कीं!" आहे खरा, आणि तो सुरेलहि आहे, प्रवासांत मी तोच लावतों. पण त्याला जुळवावें लागत नाहीं, आणि माझ्यासारख्याचा कान तयार होतो तो जुळवण्याच्या पाव तासांत. खुंटी पिळून स्वराच्या जवळ यावें आणि मणी हलवून तो नेमका गांठावा, हाच अर्धा रियाज आहे. अखेर पुतण्याच्या काठ्यांनीं धीर दिला आणि मी मिरजेची वाट धरली.

साताऱ्याहून आगगाडीनें निघालें म्हणजे कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, सांगली अशीं गांवें मागें टाकीत मिरज येते. तंबोरा आणि मिरज हा संबंध जुना आहे. येथले शिकलगार पूर्वीं तलवारी-भाल्यांना धार लावीत. इंग्रजी अमलांत शस्त्रांचें काम सुटत गेलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनीं तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास आणि पुढें घडविण्यास आरंभ केला. तो धंदा पिढ्यानुपिढ्या चालत आला. २०२४ सालीं मिरजेच्या सितारीस आणि तंबोऱ्यास स्वतंत्र भौगोलिक मानांकनें मिळालीं. याच मिरजेंत विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले आणि १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनीं गाणें गृहस्थांच्या मुलांपर्यंत आणलें. आम्हां हौशी लोकांची जातच त्यांनीं निर्माण केली म्हणावयास हरकत नाहीं. अब्दुल करीमखांसाहेबांचें वास्तव्यहि मिरजेसच असे. १९३७ सालीं दक्षिणेंत प्रवासांत ते वारले आणि मिरजेंतच त्यांचें दफन झालें. ते स्वतः तंबोऱ्याची दुरुस्ती आणि जवारी उत्तम जाणत.

ज्यांच्याकडे मी गेलों त्या वृद्ध कारागिरांनीं तयार तंबोरे दाखविण्याआधीं मलाच न्याहाळलें.

"गुरुजी, पट्टी कोणती?"

"बुवांनीं काळी दोन दिली होती, पण त्यास चाळीस वर्षें झालीं."

"मग ती राहूं द्या. मनांत कोणतीहि पट्टी न धरतां नुसता आकार लावा."

मीं आकार लावला. त्यांनीं पेटीवर तो स्वर शोधला; मग मला मंद्र पंचमापर्यंत उतरविलें आणि तार षड्जापर्यंत चढविलें. खालचा पंचम भरून यावा आणि वरचा षड्ज मान न ताणतां लागावा, असा मधला ठाव त्यांनीं काढला. तो पांढरी एक निघाला. वयानें आवाज उतरतो हें मला ठाऊक होतें. पण किती उतरला, हें आजवर कोणीं मोजून सांगितलें नव्हतें. वैद्यानें नाडी पाहून वय सांगावें, तसें कांहींसें मला त्या वेळीं वाटलें. क्षणभर उदास झालों, आणि लगेच हलकेंहि वाटलें. चढ्या पट्टीचें ओझें कोणीं तरी खांद्यावरून उतरवून ठेवलें होतें.

पुढें देहाचें माप निघालें. मांडी घालून बसतां कीं खुर्चीवर, गुडघा टेकतो कीं नाहीं, तंबोरा उभा धरतां कीं आडवा, हें सारें त्यांनीं विचारलें. माझा उजवा गुडघा पुरा टेकत नाहीं, म्हणून मागून किंचित चपटा भोपळा त्यांनीं निवडला. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते खाण्याचे नव्हेत; वाद्यासाठींच मुद्दाम वाढवितात आणि महिनोन्महिने वाळवितात. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. पहिली तार मधल्या बोटानें आणि पुढच्या तिन्ही तर्जनीनें छेडावयाच्या, म्हणून माझीं बोटें कितपत वळतात हेंहि त्यांनीं पाहिलें. तारांची जाडी पट्टीवरून ठरली: पट्टी खालची असेल तर तार जाड हवी, नाहीं तर ती सैल पडून गुरगुरते.

सर्वांत शेवटचें आणि सर्वांत नाजूक काम जवारीचें. घोडीचा माथा पाहणाऱ्यास सपाट वाटतो, पण त्याला केसभर उतार असतो. तार त्या उतारास पुनःपुन्हां स्पर्श करीत थरथरते, आणि मध्यें सरकवलेला धागा हा स्पर्श नेमका साधून देतो. चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथें ज्यांचा स्थिरबिंदु पडतो ते उपस्वर निघूं नयेत, असा सामान्य नियम. तंबोऱ्यांत मात्र तेहि ऐकूं येतात, आणि त्याचें कारण ही घोडी, असें त्यांनीं दाखविलें. कारागिरांनीं रामन् यांचा निबंध वाचला नसेल. पण कानस एकदां फिरवून, तार छेडून, पुन्हां फिरवून ते त्याच ठिकाणीं पोंचत होते.

माप घेण्याचा हा ध्यास आपल्या भागास नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशानें डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं बावीस श्रुति गणितानें मोजल्या आणि १९१० सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या कामीं अब्दुल करीमखांचा गळा त्यांच्या उपयोगीं पडला. पुढें या मापांची श्रुतींची पेटीसुद्धां विलायतेंतून घडवून आणली गेली. त्या मापांवर विद्वानांत वाद झाले, ते निराळे. पण एका सरकारी अंमलदारानें हौसेपायीं एवढा व्याप केला, हें मला मोठें वाटतें.

आणि खोल पाहिलें तर शास्त्रानेंहि हेंच सांगितलें आहे. अग्निचयनाची वेदी मोजावयाची ती 'पुरुष' या मापानें, आणि हा पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला यजमान, असें शुल्बसूत्रें सांगतात. यजमान बदलला कीं विटांचें माप बदलतें. मुंजींत बटूच्या हातीं देतात तो दंडहि त्याच्याच उंचीवरून तोडावयाचा. ज्याचें कर्म त्याच्या देहाचें माप, इतका साधा हा नियम आहे. यज्ञाला तो लागू पडतो, तर पहाटेच्या तासभर स्वरसाधनेला कां पडूं नये?

दोन महिन्यांनीं तंबोरा घरीं आला आणि एका महिन्याचें निवृत्तिवेतन घरांतून गेलें. वहिनींनीं सरळच विचारलें, "भाऊजी, तंबोरा सुरेख आहे, पण तुमच्यामागें हा वाजविणार कोण? घरांत दुसऱ्या कोणाची ही पट्टी नाहीं." या प्रश्नांत खर्चाविषयींचा रोष नव्हता. ज्या घरांत प्रत्येक वस्तूला वारस असतो, त्या घरांत बिनवारशी वस्तु आली, ही त्यांची खंत होती. तारा बदलून हा तंबोरा स्वर दोन स्वर वर-खालीं नेतां येतो, असें कारागिरांनीं सांगितलें होतें तें मीं त्यांना सांगितलें. पण त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें म्हणजे माझेंहि झालें नाहीं.

माझा आवाज सुधारला काय? नाहीं. तंबोरा गात नाहीं, गावें लागतें तें आपल्यालाच. पण पूर्वीं स्वर हलला म्हणजे तार सैल कीं गळा सैल, हा संशय राही. आतां तो राहिला नाहीं. पुतण्याचेंहि असेंच झालें आहे. त्याचे चेंडू अजून झाडींत जातात; "पण काका, आतां कारण मी आहें हें कळतें," असें तो म्हणतो. हौशी माणसाला याहून मोठा लाभ कोणता? आपल्या चुकीचा नेमका पत्ता कळणें ही शिक्षणाची अर्धी वाट आहे.

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर मला सुचलें नाहीं. तें आपोआप मिळालें. आत्याबाईंचा तंबोरा कोपऱ्यांत मोकळा पडला होता. नातीनें एके संध्याकाळीं तो सहज मांडीवर घेतला. तिची पट्टी काळी चार. आत्याबाईंच्या मागें इतकीं वर्षें तो माझ्या पट्टीखालीं दबून राहिला होता; तारा चढविल्याबरोबर तो बोलूं लागला. मिरजेस पाठवून त्याची जवारी तेवढी काढून आणली. नवें माप मीं माझ्यासाठीं घेतलें, आणि त्यामुळें घरांतली जुनी वस्तु जिच्या मापाची होती तिला मिळाली. एकाच घरांतल्या माणसांनीं एकच सदरा घालावा, यांतच कुटुंबाची एकी आहे असें मी समजत आलों होतों असें नाहीं; पण प्रत्येकाला आपलें माप सांपडलें म्हणजे दुसऱ्याची जागा मोकळी होते, हें इतकें स्पष्ट मीं पूर्वीं पाहिलें नव्हतें.

दोन पट्ट्यांचे दोन तंबोरे एका खोलींत एकदम वाजूं शकत नाहींत. तेव्हां पहाट माझी आणि संध्याकाळ नातीची, अशी वांटणी वहिनींनींच करून दिली आहे.